जळगावात एकच जेवण जेवायचं असेल, तर कुठे जावं?

अजिंठा बघायला निघालेले पाहुणे आमच्याकडे वर्षभर असतात. लेणी जळगावपासून साठेक किलोमीटरवर. बहुतेक जण आदल्या संध्याकाळी स्टेशनवर उतरतात, सकाळी लेणी करतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. म्हणजे हातात जेवणं दोन, आणि त्यातलं एक धावपळीतलं. (लेणी सोमवारी बंद असतात. तो दिवस चुकून धरला असेल, तर मात्र दिवसभर खायला वेळच वेळ.) मग फोन येतो, "वहिनी, जळगावात चांगलं हॉटेल कोणतं?"

मी उलट विचारते, महिना कोणता, वेळ कोणती आणि बरोबर कोण आहे? हॉटेलचं नाव त्यानंतर. जळगावचं नाव काढण्यासारखं जेवण एका ठिकाणी मिळत नाही. भरीत मिळतं भरीत सेंटरवर, शेवभाजी हायवेच्या ढाब्यावर, वरण-बट्टी खानावळीत, आणि खापरावरचे मांडे एखाद्या मावशींच्या चुलीपुढे. 'खान्देशी थाळी' म्हणून हे सगळं एका ताटात वाढणारी हॉटेलं शहरात झाली आहेत. तिथे पोट भरतं, पण चारातला एकही पदार्थ मनासारखा मिळत नाही, कारण चौघांना चार तऱ्हेचा विस्तव आणि चार तऱ्हेची फुरसत लागते.

माझं माहेर अमळनेरचं, सासर यावल तालुक्यातलं. माहेरी अहिराणी आणि बट्टी, सासरी लेवा बोली आणि भरीत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क मला आहे असं मी मानते.

आधी भरीत. तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येत असाल, तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल, सरळ भरीत सेंटर गाठा. हे भरीत त्या वांग्याचं आहे, आणि ते वांगं थंडीचं आहे. फिकट हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा, हातात घेतलं की जड लागतं; आत बिया जवळपास नाहीत आणि पाणीही कमी. बामणोद, आसोदा या गावांची नावं या वांग्यांशी जोडलेली आहेत. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी इथल्या केळीलाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की घराघरांत वांगं सुरू होतं, आणि मग शेताशेतांत भरीत पार्ट्या.

चांगलं भरीत सेंटर ओळखायचं कसं? गल्ल्याकडे न बघता मागच्या बाजूला बघा. तिथे कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्या रचलेल्या दिसल्या पाहिजेत. या काड्यांचा जाळ भसकन उठतो आणि लवकर बसतो. साल काळी पडून तडकते, आतला गर मऊ होतो, आणि धुराचा वास गराला लागतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, मग वरून कितीही लसूण घाला. सासरी माझ्या मोठ्या जाऊबाई वांगी सोलतात ते बघण्यासारखं असतं. डाव्या हातात देठ धरायचा, उजवा हात पाण्यात बुडवायचा आणि वरून खाली एकदाच ओढायचा. साल अर्धी त्या एका ओढीतच निघते. मग सगळी वांगी बडगीत जातात. बडगी म्हणजे लाकडी, उखळीसारखं खोल भांडं. मुसळीने ठेचताना आधी थप थप आवाज येतो, गर एकजीव होत आला की तो चप चप असा ओला होतो. तो आवाज बदलला की जाऊबाई म्हणतात, "झालं, बस." मिक्सरमधलं भरीत पिठल्यासारखं गुळगुळीत होतं. बडगीतल्या भरिताला दोरा असतो, घास तोडताना तो ताणला जातो.

त्यात तेलाच्या फोडणीत ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, अख्खे शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद, गरम मसाला काही नाही. आणि सोबत कळण्याची भाकरी नाहीतर कळण्याच्या पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद मिठासह एकत्र दळलेलं पीठ. गव्हाची चपाती पुढे आली तर परत करा आणि कळण्याचं काही आहे का विचारा. नसेल तर साधी ज्वारीची भाकरी बरी.

उन्हाळ्या-पावसाळ्यात भरीत मागू नका. एकदा ऑगस्टमध्ये नणंदेच्या हट्टाखातर आम्ही एका ठिकाणी बसलो. ताटात आलं ते जांभळ्या वांग्याचं, बियाळ आणि खाली पाणी सुटलेलं. मालकाने आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसरं काही मागवलं असतं. नणंद पुण्याला जाऊन सांगते, जळगावच्या भरितात काही विशेष नाही. मला ते अजून लागतं.

शेवभाजीला असा हंगाम नाही, हाच तिचा मोठा गुण. बाराही महिने मिळते, मात्र तिला रात्र लागते. भरीत सेंटरवर तुम्ही साडेसातला जाऊन साडेआठला मोकळे होता. ढाब्यावर जायचं तर नऊनंतर, गाडी काढून, दोन तास हातात ठेवून. पाळधीच्या बाजूला, नशिराबाद-भुसावळच्या बाजूला, अजिंठा रस्त्यावर, तिन्हीकडे ढाबे आहेत. मी नावं सांगत नाही, त्याचं कारण आहे. ढाब्याची चव आचाऱ्याच्या हातात असते, आणि आचारी वर्षा-दोन वर्षांत पाटी बदलतो. त्या वेळी चांगलं कुठे मिळतंय ते रिक्षावाल्याला, नाहीतर लॉजच्या काउंटरवरच्या पोराला विचारा, "भो, तू स्वतः कुठे जातो?" 'तू स्वतः' हे शब्द महत्त्वाचे. नुसतं 'चांगलं कुठे' विचारलंत तर तो तुम्हाला एसी हॉटेलात धाडेल.

शेवभाजीचा जीव रश्श्यात. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजून वाटायचं, त्यात घरचा काळा मसाला, आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. शेव ही फरसाणाची बारीक शेव नव्हे. फरसाणाच्या दुकानात 'भाजीची शेव' म्हणून वेगळी मिळते, जाड आणि तिखट. ती अगदी शेवटी रश्श्यात पडली पाहिजे, म्हणजे ताटात येईपर्यंत बाहेरून मऊ आणि आतून किंचित कुरकुरीत राहते. लगदा होऊन आली तर ती सकाळची आहे. रंगावरही जाऊ नका. मसाला चांगला भाजला असेल तर रस्सा काळपट तपकिरी दिसतो आणि वर तेलाचा तवंग असतो. एका ढाब्यावर आमच्या पुढे असा लालभडक रस्सा आला की हात धुतल्यावरही बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल होती. मिरचीने बोटं पेटतात, एवढी रंगत नाहीत.

तिखटाचं म्हणाल, तर भरिताची हिरवी मिरची जिभेच्या शेंड्यावर लागते आणि दोन घासांत उतरते. शेवभाजीचा काळा मसाला घशात बसतो, पाणी पिऊन जात नाही. लहान मुलं बरोबर असतील तर भरीत कमी तिखट करून मागता येतं. मुळात ते समोरच कालवतात. रस्सा मात्र आधीच होऊन बसलेला असतो, त्यात 'कमी तिखट' म्हणजे वरून पाणी. ज्यांना शेव नको त्यांनी त्याच ढाब्यावर पाटोडीचा रस्सा मागवावा. बेसनाच्या वड्या त्याच रश्श्यात, आणि मला विचाराल तर शेवभाजीपेक्षा कांकणभर सरस. मांसाहारी मंडळींना काळ्या रश्श्याचं मटणही इथेच मिळेल.

वरण-बट्टी हे दुपारचं जेवण. रवाळ दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मोहन घालून गोळे, ते आधी वाफवून किंवा गोवऱ्यांवर भाजून, मग चिरून तळायचे. ताटात कुस्करायचे, वर तुरीचं घट्ट वरण, वर तूप, आणि बाजूला घोटलेल्या वांग्यांची नाहीतर गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे तुमचा लाल भोपळा. हे आमच्याकडे भंडाऱ्याचं, मारुतीच्या पारावरच्या पंगतीचं जेवण. खरी बट्टी तिथलीच, आणि पंगत चालू दिसली तर परक्यालाही "बसा, जेवा" म्हणतात. तसा योग नसेल तर नवी पेठ, फुले मार्केट, स्टेशनच्या आसपास फिरून साध्या खानावळीत विचारा, आज बट्टी आहे का. रोज सगळीकडे नसते. चौघांत खिशाला हेच सगळ्यांत हलकं. पण एक लक्षात ठेवा, बट्टी खाऊन अजिंठ्याच्या पायऱ्या चढू नका. बट्टीनंतर माणसाला फक्त सतरंजी दिसते.

आणि मांडे. यासाठी मात्र आधीपासून ठरवावं लागतं. कोणत्याही हॉटेलात जाऊन ऐनवेळी मांडे मागितले तर जे येईल ते तव्यावरची मोठी पुरणपोळी असेल. मांडे खापरावर होतात. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं, खाली लाकडांचा जाळ. कणीक इतकी सैल की हातातून ओघळेल असं वाटतं. गोळ्यात पुरण कणकेपेक्षा जास्त. पोळपाट-लाटणं कुठेही नाही. माझी आई दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर तो गोळा घ्यायची आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत वाढवायची. बघता बघता तो मनगट ओलांडून कोपरापर्यंत यायचा, इतका पातळ की त्यातून तिच्या बांगड्यांचा हिरवा रंग दिसायचा. मग एका झोक्यात खापरावर. कडेला हात लागला तर भाजतोच. आईच्या दोन्ही हातांवर त्याच्या खुणा होत्या. खापरावरून उतरला की घडी घालून ताटात, वर तूप. मऊ असताना खायचा, थंड झाला की कडा वाळतात.

हा आखाजीचा पदार्थ. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, सासुरवाशिणी माहेरी येण्याचा सण. झोके, गौराईची गाणी आणि मांड्यांबरोबर आमरस. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये येणाऱ्यांना मी मांडेच सुचवते. उन्हाळा आमच्याकडे कडक, त्या दिवसांत ढाब्याचा रस्सा सोसत नाही, आणि भरीत तर संपलेलं असतं. शहरात घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका आहेत. ओळखीच्या कुणाकडून नंबर मिळवून दोन दिवस आधी फोन करा, आणि घरी नेण्यापेक्षा त्यांच्याकडेच बसून खाता येईल का ते विचारा. हिवाळ्यात येणार असाल आणि बहिणाबाई महोत्सवाचे दिवस असतील, तर बचत गटांच्या स्टॉलवर मांडे चुलीवर होताना बघायलाही मिळतात. पैसे थाळीपेक्षा जास्त पडतात. घासाघीस करू नका. त्या जाळापुढे तासभर बसून बघा, मग किंमत जास्त वाटणार नाही.

तर ठरवायचं कसं? म्हातारे आईवडील बरोबर आहेत आणि थंडी आहे, तर भरीत, मिरची बेताची, पुऱ्यांऐवजी भाकरी. मित्र-मित्र आहात, गाडी आहे, झोपायची घाई नाही, तर ढाबा. पावसाळ्यात भरीत नाही, आंबा नाही, तेव्हा दुपारी बट्टी आणि रात्री पाटोडी, यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. मे महिन्यात लेकरांना घेऊन आलात तर मांडे, त्यांना तिखटाचा प्रश्नच येत नाही. आणि डिसेंबरात येऊन दोन जेवणं हातात असतील तर पहिल्या रात्री भरीत, दुसऱ्या रात्री शेवभाजी. उलट क्रमाने करू नका. काळ्या मसाल्यानंतर धुराचा तो हलका वास जिभेला कळत नाही.

राहता राहिली रात्रीची गाडी. भरीत किलोवर मिळतं, आणि थंडीत जळगावकर पुण्या-मुंबईच्या लेकरांना ट्रॅव्हल्सने डबे पाठवतातच. तुम्हीही न्या, पण सेंटरवर आधीच सांगा की कांद्याची पात आणि कोथिंबीर कालवू नका, वेगळ्या पुडीत द्या. भरीत गरम असताना डब्याचं झाकण लावू नका, पूर्ण निवू द्या. पुऱ्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. घरी पोचलात की पात बारीक चिरून वर घाला आणि एक चमचा कच्चं शेंगदाणा तेल सोडा.