मृत्युपत्राला पहिला वर्ग, देखभालीला काठावर पास

माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि कोथरूडमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत एकटी राहते. यजमान जाऊन बारा वर्षे झाली, मूलबाळ नाही, आणि चौतीस वर्षे एका अनुदानित शाळेत गणित शिकवल्यामुळे कोणाचे ऐकून घेण्याची सवयही फारशी नाही. २०२५ च्या मे महिन्यात ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही, कोपर तेवढे सुजले. पण त्या रात्री तिने स्वतःच विषय काढला, ‘‘अरे, आता निरवानिरव करायला हवी. डोके ठिकाणावर आहे तोवर.’’ मृत्युपत्र आणि ज्येष्ठांची देखभाल या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली पाहणारी पुण्यातील एक सल्लासंस्था आम्हाला ओळखीतून कळली आणि जूनमध्ये आम्ही तिथे गेलो. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढील मजकुरातला बराचसा भाग तक्रारीचा आहे आणि आगाऊ भरलेल्या पैशांचे प्रकरण अजून मिटलेले नाही. अशा सेवेकडून काय मिळू शकते आणि काय मिळत नाही, हे मात्र या अनुभवावरून नीट सांगता येईल.

पहिल्या बैठकीचे शुल्क १,५०० रुपये होते. वकीलबाईंनी पाच मिनिटे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मला बाहेर बसायला सांगितले. मला ते किंचित लागले, हे कबूल करतो. आत्याला दवाखान्यात नेणारा, तिची विजेची बिले भरणारा मी, आणि मलाच दाराबाहेर! मग कारण कळले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळण्याची शक्यता आहे तो माणूस मजकूर ठरताना खोलीत असेल, तर उद्या कोणीही ‘दबाव आणून लिहून घेतले’ असे म्हणू शकतो, आणि न्यायालय त्या आक्षेपाकडे गांभीर्याने पाहते. पन्नास मिनिटे आत्या आत होती. तिने कोणाला काय लिहिले आहे, हे मला आजही पूर्ण ठाऊक नाही, आणि या सेवेला मी जे गुण देतो आहे त्यातले सर्वांत जास्त याच गोष्टीसाठी आहेत.

त्या बैठकीत निघालेली एक बाब मात्र आत्याने बाहेर आल्याबरोबर सांगितली, कारण तिला त्याचा धक्का बसला होता. सदनिका तिने स्वतःच्या पगारातून, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन बांधकाम व्यावसायिकाचे हप्ते फेडून घेतलेली. तिची समजूत अशी, की आपल्यामागे ती आपोआप माहेरच्या माणसांकडे, म्हणजे आम्हा भाचरांकडे येईल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १५ तसे म्हणत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिच्यामागे नवरा, मुले किंवा नातवंडे नसतील, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर येतो. आत्याचे दीर आता नाहीत, नणंद नव्हती, त्यामुळे सदनिका गेली असती ती दिराच्या मुलांकडे, ज्यांना तिने यजमानांच्या दिवसकार्यानंतर पाहिलेलेही नाही. गंमत पुढे आहे. वाई तालुक्यातली तिच्या वडिलांची जमीन, जिच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागलेले आहे, तिला त्याच कलमातला अपवाद लागू होतो: आईवडिलांकडून आलेली मिळकत, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत फिरते. म्हणजे एकाच बाईच्या दोन मिळकती दोन दिशांना, आणि जी तिने घाम गाळून मिळवली तीच सासरच्या वाटेने. ‘‘गणित बरोबर असेल रे, पण उदाहरणच चुकीचे घातलेय,’’ एवढेच आत्या म्हणाली. निपुत्रिक विधवा, अविवाहित बहिणी, एकट्या राहणाऱ्या मावशा आपल्या बहुतेक घरांत असतात. त्यांच्यापैकी कितीजणींना हे कलम कोणी समजावून सांगितले असेल, याची मला शंका आहे.

दुसरी बैठक नॉमिनीच्या तपासणीत गेली. आत्याच्या मुदत ठेवींवर नॉमिनी म्हणून माझ्या वडिलांचे नाव निघाले, आणि वडील जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. सोसायटीच्या दफ्तरी यजमानांचेच नाव होते. संस्थेतले निवृत्त बँक अधिकारी हा भाग पाहतात. त्यांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसवली: बँकेतली ठेव असो, सोसायटीतली सदनिका असो वा शेअर, नॉमिनी हा पैसे किंवा ताबा स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक कोण, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीत हा मुद्दा बरीच वर्षे वादात होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निकालात काढला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, तेही टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने, ही माहितीही त्यांनीच दूरध्वनी करून कळवली आणि त्याच महिन्यात आम्ही अर्ज भरले. शुल्क घेऊन झाल्यावरही आठवणीने फोन करणारा सल्लागार हल्ली दुर्मिळ आहे.

मृत्युपत्राचा मसुदा तीन आठवड्यांत आला. नामनिर्देशनाच्या तपासणीसह त्याचे १४,००० रुपये घेतले. कायद्याने मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि ती सही पाहणारे किंवा तिने मान्य केलेली ऐकणारे किमान दोन साक्षीदार, एवढेच हवे. तेव्हा हे १४,००० कशाचे, असे कोणी विचारेल. माझ्या मते ते दोन पानांच्या कागदाचे नसून त्यामागच्या विचारपुशीचे होते. उदाहरण सांगतो. मसुद्यात ‘माझे सर्व सोन्याचे दागिने’ असे मोघम लिहिले होते. आत्याला तिच्या हातातल्या दोन पाटल्यांपैकी एक तिच्याकडे एकोणीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना द्यायची होती. वकीलबाईंनी दोन्ही पाटल्या सराफाकडून तोलून आणायला लावल्या, आणि अंतिम मजकुरात वजनासह ‘डाव्या हातातील, आतल्या बाजूस चीर असलेली पाटली’ असा उल्लेख आला. ती चीर १९८३ साली शाळेच्या कपाटात हात अडकून पडलेली आहे, हा तपशील आत्याने घालायला सांगितला होता. तो तेवढा वकीलबाईंनी नम्रपणे नाकारला.

चूकही झाली. सदनिकेचा क्रमांक जुन्या करारातला घातला गेला होता. सोसायटीने मजल्यांचे क्रमांक बदलल्याला पंधरा वर्षे झाली. आत्याने लाल पेनाने त्याभोवती गोल काढला आणि समासात ‘पुन्हा तपासा’ असे लिहून मसुदा परत केला. १४,००० रुपये घेणाऱ्यांनी मालमत्तापत्रक आणि कर पावती जुळवून पाहायला हवी होती, यात दुमत नाही.

साक्षीदार म्हणून आत्याने आपल्या दोन समवयस्क मैत्रिणी सुचवल्या होत्या. वकीलबाईंनी त्यांना वगळून शेजारचे एक चाळिशीचे प्राध्यापक आणि आत्याचे डॉक्टर यांना घेतले. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने बराच लहान असावा, वेळ पडल्यास न्यायालयात उभा राहू शकावा आणि त्याला त्या कागदातून काहीही मिळणार नसावे, ही त्यांची शिस्त. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून मानसिक स्थिती उत्तम असल्याचा दाखलाही दिला. मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी आत्याची एक जुनी विद्यार्थिनी नेमली आहे. ती सनदी लेखापाल आहे, आणि तिला मिळकतीतले काही मिळणार नाही, एवढे आत्याने मला सांगितले आहे.

नोंदणी ऑगस्टमध्ये केली. आजारी व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज करू का, असे संस्थेने विचारले होते. पण आत्या इरकल नेसून स्वतः कार्यालयात गेली. तिथे यंत्रावर तिच्या बोटांचे ठसेच उमटेनात. चौतीस वर्षे खडू आणि पुढे घरची भांडी, रेषा उरल्यातच कुठे! कर्मचाऱ्याने ओल्या फडक्याने बोटे पुसली, चार वेळा प्रयत्न केला, पाचव्यांदा अंगठा लागला. संस्थेचा माणूस तीन तास सोबत उभा होता आणि रांगेत तिच्यासाठी खुर्ची मिळवण्याचे कामही त्याने केले.

मी स्वतः जाताना कुलमुखत्यारपत्राचा आग्रह धरून गेलो होतो. ते एकदा करून ठेवले की पुढे आत्याला विस्मरण झाले तरी सगळे व्यवहार मी पाहीन, अशी माझी खात्री होती. ती वकीलबाईंनी दोन वाक्यांत मोडीत काढली: करार कायद्यानुसार मुखत्यारी ही देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर तर संपतेच, पण त्याचे मानसिक संतुलन गेले तरीही संपते. म्हणजे नेमकी जेव्हा गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्याऐवजी औषधपाण्यापुरते एक वेगळे संयुक्त खाते उघडावे, हा त्यांचा सल्ला साधा होता आणि आम्ही तो मानला. सदनिका आत्ताच बक्षीसपत्राने देऊन टाकण्याचा विचारही एका नातेवाइकाने मांडला होता. महाराष्ट्रात राहते घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. पण त्या यादीत भाचा बसत नाही. शिवाय दिलेले घर परत मिळवायचे तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, देखभालीच्या अटीवर दिले होते आणि ती अट मोडली गेली, हे प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाखवावे लागते. आत्याने हे ऐकून ‘‘ताट द्यावे, पण पाट देऊ नये,’’ असे म्हटले आणि विषय संपवला.

वैद्यकीय इच्छापत्राचे ४,००० रुपये वेगळे घेतले. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये, असे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. कागद व्यवस्थित झाला. त्याची प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पोहोचवण्याचे काम मात्र ‘तुम्हीच करा’ म्हणून आमच्यावर सोडले.

आता देखभालीचे. दरमहा ३,५०० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. त्यात आठवड्याला एक फोन, महिन्याला दोन भेटी आणि गरज पडल्यास मदतनीस बाई मिळवून देणे, असे कबूल केले होते. पहिली भेट चांगली झाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी न्हाणीघरात आत्याला प्रत्यक्ष उठायला-बसायला लावून, तिचा कोणता हात आधी भिंतीकडे जातो ते पाहून, धरायची दांडी कुठे बसवायची त्यावर खडूने खूण केली. दाराजवळचे पायपुसणे काढायला लावले. एवढीच भेट मला पैसे वसूल वाटली.

पुढच्या चार महिन्यांत तीन ‘केअर मॅनेजर’ बदलले. प्रत्येकाने तोच छापील तक्ता काढून ‘‘आजी, जेवलात का? आजी, झोप लागते का?’’ असे मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारले. वकीलबाई पहिल्या दिवसापासून आत्याला ‘बाई’ म्हणत होत्या, कारण तिने आयुष्यभर ‘बाई’ हीच हाक ऐकली आहे. हे त्यांनी विचारून घेतले होते आणि फाइलच्या वरच लिहूनही ठेवले होते. त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने ती फाइल कधी उघडलीच नाही. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतअंतर्गत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी वय वंदना कार्ड मिळते, हेही आम्हाला यांच्याकडून नव्हे, तर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून कळले.

दिवाळीत आत्याला ताप आला आणि चोवीस तासांची बाई हवी होती. संस्थेने एका ब्यूरोचा क्रमांक दिला. बाई एक दिवस आल्या, दुसऱ्या दिवशी ब्यूरोचा फोन बंद. सणासुदीला माणसे मिळत नाहीत, हे मला समजते. न समजलेली गोष्ट ही, की त्या ब्यूरोकडून संस्थेला दलाली मिळते, हे आम्हाला त्या बाईंकडून कळले, संस्थेने सांगितले नव्हते. मृत्युपत्राच्या वेळी लाभार्थ्याला खोलीबाहेर बसवणाऱ्यांनी स्वतःचा लाभ मात्र झाकून ठेवावा, हे मला फार खटकले. शेवटी स्वयंपाकाच्या मावशींची भाची चार रात्री सोबतीला राहिली.

मृत्युपत्र, नॉमिनी, वैद्यकीय इच्छापत्र यांसाठी मी कोणालाही या संस्थेकडे पाठवीन, फक्त मालमत्तेचा तपशील स्वतः तपासून घ्या असे बजावून. देखभालीचा करार आम्ही डिसेंबरमध्ये थांबवला. उरलेल्या दोन महिन्यांचे ७,००० रुपये परत मागितले आहेत आणि ‘हिशेब विभागाकडे पाठवले आहे’ या उत्तरापलीकडे अजून काही आलेले नाही. मृत्युपत्राची मूळ प्रत, वकीलबाईंच्या सांगण्यावरून, आत्याच्या स्वतःच्या लॉकरमध्ये न ठेवता त्या विद्यार्थिनीकडे दिली आहे. गेल्या आठवड्यात आत्याने पुरवणी मृत्युपत्राला किती खर्च येतो, असे विचारले. दुसरी पाटली त्या भाचीला द्यायची आहे.