तीन बर्नरचा गॅस बार्बेक्यू: निवड, जोडणी आणि वर्षभराचा वापर

आमच्या घरी तीन बर्नरचा, झाकणाचा आणि चाकांच्या गाड्यावर बसवलेला गॅस बार्बेक्यू येऊन आता वर्ष उलटले. या वर्षभरात तो बहुतेक दर आठवड्याला पेटला, पावसात झाकून राहिला, थंडीत रुसला आणि दोनदा पूर्ण उघडून साफ केला गेला, त्यामुळे त्याविषयी खात्रीने चार गोष्टी लिहिता येतील इतकी त्याची ओळख झाली आहे. घेताना आमचे सगळे लक्ष तो किती तापतो याकडे होते. त्याचा खरा गुण वापरताना कळला: तो किती मंद चालू शकतो आणि जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आच किती सारखी धरतो.

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो बीटीयूचा, म्हणजे उष्णता मोजण्याच्या एककाचा आकडा. १ किलोवॅट म्हणजे ताशी सुमारे ३,४१२ बीटीयू, तेव्हा आमच्या तीन बर्नरच्या मिळून १० किलोवॅटचे ताशी ३४,००० बीटीयू होतात आणि कागदावर ते भारदस्त दिसतात. पण हा आकडा बर्नर किती गॅस जाळू शकतात एवढेच सांगतो. पदार्थाला आच किती लागेल हे तो सांगत नाही. तेवढाच गॅस मोठ्या जाळीखाली पसरला तर आच विरळ होते आणि पातळ पत्र्याच्या, कडेला फटी राहणाऱ्या झाकणाखाली जाळला तर बरीचशी उष्णता हवेत निघून जाते. म्हणून एकूण आकड्याला जाळीच्या क्षेत्रफळाने भागून पाहावे. दर चौरस इंचामागे ७५ ते १०० बीटीयू घरगुती वापराला पुरतात, अशी रूढ मोजणी आहे. आमची जाळी ६० बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ४२० चौरस इंचांची आहे. भागाकार ८१ येतो आणि तो आम्हाला कधीच कमी पडला नाही. पूर्ण आचेवर एवढे बर्नर ताशी पाऊण किलोच्या आसपास गॅस खातात, हेही हिशेबात धरावे.

बर्नर दोन असले तरी काम भागते, परंतु तीन असावेत असे मी आग्रहाने सांगेन. कोंबडीचे जाड तुकडे किंवा अख्खा मासा थेट ज्योतीवर ठेवला की बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. तीन बर्नर असतील तर कडेचे दोन पेटवून मधला बंद ठेवता येतो, पदार्थ मध्यावर ठेवून झाकण लावले की दोन्ही बाजूंनी सारखी ऊब मिळते आणि बार्बेक्यू भट्टीसारखा वागू लागतो. दोन बर्नरवर हीच क्रिया एका बाजूने होते, मग पदार्थ मध्येच फिरवावा लागतो.

दुकानात पाहण्याजोग्या आणखी काही गोष्टी हाताने तपासता येतात. झाकण लावून त्याच्या कडेवरून बोट फिरवावे, ते डगमगते का ते पाहावे. स्टीलला लोहचुंबक लावून पाहावा. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते व त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. ४३० जातीच्या स्टीलला तो घट्ट चिकटतो आणि ते तुलनेने लवकर गंजते. आमच्या बार्बेक्यूचा बाहेरचा सांगाडा ४३० चा आहे, आणि सहाव्या महिन्यातच स्क्रूंच्या भोवती तांबूस कडी दिसू लागली. बर्नर मात्र ३०४ चे आहेत. माझ्या मते दोहोंपैकी एकच चांगले मिळत असेल तर ते बर्नरच्याच वाट्याला यावे. जाळी बिडाची, एनॅमलचा मुलामा दिलेली आहे. ती तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की थंड पदार्थ ठेवल्यावरही आच सोडत नाही. मुलाम्याचा टवका उडाला तर खालचे बीड गंजते, तेव्हा धातूचा चिमटा त्यावर आपटू नये.

जाळी आणि बर्नर यांच्यामध्ये कौलासारखे दोन्ही बाजूंना उतरते पत्रे असतात, त्यांच्याकडे गिऱ्हाईक सहसा पाहतही नाही. गळणारी चरबी आणि रस या तापलेल्या पत्र्यांवर पडून त्यांची वाफ होते, उरलेले ओघळून खालच्या ट्रेमध्ये जाते आणि बर्नरची छिद्रे झाकलेली राहतात. पूर्वी या जागी लाव्हाचे सच्छिद्र दगड असत. ते चरबी शोषून घेत आणि मग एकाएकी भडका उडे. वेबर कंपनीने १९८५ साली 'जेनेसिस' हा गॅस बार्बेक्यू आणला तेव्हा दगडांऐवजी हे उतरते पत्रे बसवले आणि पुढे तीच मांडणी सर्वत्र रुळली. आमच्या बार्बेक्यूतले पत्रे जरा पातळ आहेत, एक तर उष्णतेने वाकलाही आहे. हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

गॅसच्या जातीबाबत तडजोड करून चालत नाही. एकाच घनफळाच्या नैसर्गिक वायूपेक्षा प्रोपेनमध्ये सुमारे अडीचपट ऊर्जा असते, म्हणून सिलिंडरवर चालणाऱ्या बर्नरचे छिद्र बारीक आणि पाइपने येणाऱ्या गॅसचे मोठे असते. एकाचा बार्बेक्यू दुसऱ्याला तसाच जोडणे धोक्याचे आहे. त्यासाठी उत्पादकाने दिलेले बदलीचे सुटे भाग लागतात. रेग्युलेटरही बार्बेक्यूवरील पट्टीवर लिहिलेल्या दाबाचाच हवा. थंडीत आमचा बार्बेक्यू रुसला त्याचे कारणही गॅसच होते: ब्युटेन सुमारे उणे अर्ध्या अंशाला उकळतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना. ब्युटेनचे प्रमाण जास्त असलेल्या सिलिंडरमधून कडाक्याच्या थंडीत वाफच पुरेशी निघत नाही. शिवाय गॅस बाहेर पडताना सिलिंडर स्वतःच गार होत जातो, त्यामुळे तीनही बर्नर पूर्ण उघडून लहान सिलिंडरकडून तासभर काम घ्यायचे म्हटले की ज्योत बसू लागते.

जोडणीला आम्हाला चार तास लागले, त्यातला दीड तास केवळ एका चुकीमुळे. पायांचा सांगाडा मी पहिल्याच फेरीत पान्याने करकचून आवळला, नंतर वरची पेटी बसवताना तिची छिद्रे तीन-चार मिलिमीटरने हुकली, ती रेटून बसवली आणि शेवटी झाकण एका बाजूला कलले. मोठ्या बहिणीने झाकण उचलून धरले आणि म्हणाली, "आधी सगळे स्क्रू सैल कर, मग बघू." तिचे खरे होते. सगळे स्क्रू बोटाने फिरतील इतकेच घट्ट ठेवून सांगाडा सपाट जमिनीवर उभा केला, पेटी आपली आपण बसू दिली आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले, तेव्हा झाकण चहूबाजूंनी नीट टेकले. कलत्या झाकणाने आच एका अंगाने निसटते, त्यामुळे हा वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही.

यानंतरचे काम मी कोणालाही घाईने करू देणार नाही. भांडी घासण्याचा साबण आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून ते जुन्या ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावले, सर्व नॉब बंद असल्याची खात्री केली आणि सिलिंडरची खुंटी हळूच उघडली. रेग्युलेटरकडचा सांधा शांत राहिला. बार्बेक्यूकडच्या नटाशी मात्र आठ-दहा सेकंदांनी मोहरीएवढा एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. वास कोणालाच आला नव्हता. सिलिंडर बंद करून नट उघडला तेव्हा आतल्या शंकूच्या तोंडाला रंगाचा एक पापुद्रा चिकटलेला सापडला. तो पुसून नट पुन्हा आवळल्यावर बुडबुडे थांबले. अशा सांध्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये, कारण तेथे धातूवर धातू बसून गळती रोखली जाते आणि टेप त्यात अडथळाच होतो. सिलिंडरकडचा नट कित्येकदा उलट्या आट्याचा असतो हेही लक्षात ठेवावे, नाहीतर सोडवायच्या भरात तो आवळला जातो. सिलिंडर बदलला की ही साबणाची परीक्षा आम्ही दर वेळी नव्याने घेतो.

जागेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला वाव नाही: बार्बेक्यू उघड्यावरच असावा, आणि भिंत, कुंपण, छपराची वळचण यांपासून पुस्तिकेत सांगितलेले अंतर सोडलेले असावे. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड असतो, म्हणून गळलेला गॅस उडून न जाता खोलगट जागी साचतो. सिलिंडर तळघरात ठेवू नये तो याच कारणाने. बंदिस्त जागेत पेटवलेल्या बार्बेक्यूचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो.

पेटवताना झाकण उघडे असलेच पाहिजे. पाच सेकंदांत ज्योत धरली नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटे थांबावे, मगच पुन्हा खटका दाबावा. एका संध्याकाळी आमचे तीनही बर्नर पेटले, पण ज्योत नखाएवढीच राहिली, आणि मला वाटले की बर्नर बिघडले. बिघाड काहीच नव्हता. काही रेग्युलेटरमध्ये गॅस अचानक जोरात वाहू लागला की तो प्रवाह आवळणारी सोय असते. मी सिलिंडर झटक्याने उघडला होता, म्हणून ती गळती समजून कामाला लागली. सगळे बंद केले, थोडा वेळ थांबलो, सिलिंडर सावकाश उघडला आणि मग एकेक बर्नर पेटवला, तेव्हा ज्योत पूर्ववत झाली.

पहिल्या दिवशी पदार्थ न ठेवता वीस मिनिटे पूर्ण आच दिली, कारखान्यातल्या तेलाचा धूर जाऊ दिला आणि मग पावाची परीक्षा घेतली. ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. संपूर्ण जाळीवर पावाचे काप शेजारी शेजारी मांडले, मध्यम आचेवर झाकण तीन मिनिटे लावले आणि काप त्याच क्रमाने उलटून पाहिले. मागची ओळ खरपूस तांबूस होती, उजव्या मागच्या कोपऱ्यातला काप काळा पडला होता, आणि पहिल्या व दुसऱ्या बर्नरच्या मधोमध एक फिकट पट्टा पुढून मागेपर्यंत गेला होता. आचेचा असा नकाशा कोणतीही पुस्तिका देत नाही. झाकणावरच्या थर्मामीटरचाही पडताळा घेतला. जाळीवर ठेवलेल्या थर्मामीटरपेक्षा तो २५ अंश सेल्सिअस जास्त दाखवत होता, कारण तो उंचावर, तापलेल्या हवेत असतो. चिकनसाठी तर आम्ही यांपैकी कोणावरच विसंबत नाही: सळईचा थर्मामीटर मांसात खुपसून आत ७४ अंश झाल्याशिवाय उतरवत नाही.

चवीविषयी प्रांजळपणे सांगायचे तर कोळशाच्या धुराचा वास यात येत नाही, आणि ज्यांना तोच हवा असेल त्यांनी गॅसच्या वाटेला जाऊ नये. चरबीच्या वाफेचा खमंगपणा येतो, पदार्थाला सुरेख रंग येतो आणि पंधरा मिनिटांत जाळी तयार होते. आठवड्याच्या मधल्या थकल्या संध्याकाळी आमच्यासाठी तेवढे खूप असते. शेजारी जोडलेला लहान बर्नर आम्ही तीनदाच वापरला. तो नसता तरी अडले नसते.

निगा राखणे अवघड नाही, पण नेमाने करावे लागते. ट्रेमधली चरबी दर दोन-तीन वापरांनी काढावी, कारण मोठ्या आगी तेथूनच लागतात. तारांचा ब्रश मी वापरत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ साली, जाळीवर सुटलेल्या तारा अन्नातून पोटात जाऊन झालेल्या इजांची नोंद प्रसिद्ध केली होती. जाळी गरम असताना लाकडी पट्टीने खरवडली तरी चांगली निघते. सिलिंडरमध्ये किती गॅस उरला आहे हे पाहण्यासाठी त्याच्या अंगावर कोमट पाणी ओतून हात फिरवावा. जेथे गार लागू लागते तेथपर्यंत द्रव आहे असे समजावे.

दहाव्या महिन्यात मधल्या बर्नरची ज्योत निळी सोडून पिवळी, लवलवती दिसू लागली. बर्नर बाहेर काढून त्याच्या नळीत उजेड धरला तर आत कोळ्याचे जाळे होते. गॅसमध्ये हवा मिसळण्याची वाटच त्याने बुजवली होती. असे जाळे राहिले तर ज्योत मागे फिरून नळीत पेटू शकते. बारीक ब्रशने नळी साफ केली, बुजलेली छिद्रे तारेने मोकळी केली आणि सगळे जोडून पुन्हा पावाचे काप मांडले. फिकट पट्टा पूर्वीपेक्षा अरुंद झाला आहे. उजव्या मागच्या कोपऱ्यातला काप मात्र पहिल्या दिवसासारखाच काळा पडला, आणि त्या जागी आता आम्ही मक्याची कणसे ठेवतो.