सात लाख किलोमीटर झालेला ट्रक : इंजिन बांधून घेतल्यानंतरचा अनुभव

ट्रक विकून हप्त्यावर नवा घ्यायचा की हाच ठेवायचा, हा प्रश्न होता. मी पूर्ण इंजिन बांधून घेतलं, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून घेतले, आणि ट्रक ठेवला. इतके महिने भरलेली गाडी चालवून सांगतो, निर्णय बरोबर ठरला. पण तो ठरला चेसिसमुळे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यामुळे.

इंजिन दमल्याची सगळी लक्षणं होती. निळा धूर, दर फेरीला ऑइलची भर, चढाला पिकअप नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवलं तरी थाडथाड उडायचं, कारण पिस्टनवरच्या झिजलेल्या रिंगांमधून दाब खाली उतरत होता. एवढ्यावर बरेच जण गाडी विकून मोकळे होतात. मी म्हणेन, आधी गाडीखाली शिरा. चेसिस धुऊन घ्या आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचे, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्ट्यांचे, रिव्हेट टॉर्चने एकेक बघा. रिव्हेटभोवती तांबूस भुकटीची रेघ दिसली तर तो सैल होऊन घासतोय. तिथून तडा निघाला असेल तर इंजिनवर पैसे घालू नका. वेल्डिंग होतं, पण भार पडला की बहुतेकदा वेल्डच्या कडेनेच पुन्हा तडकतं. माझी चेसिस स्वच्छ निघाली.

नुसत्या रिंगा आणि बेअरिंग बदलून भागवा, असाही सल्ला मिळाला होता. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळकांडी, अंडाकृती झिजले असतील तर नव्या रिंगा त्यात नीट बसतच नाहीत. म्हणून लायनर-पिस्टन, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, नोझल सगळं केलं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, घासून त्या कमी झालेल्या मापाच्या ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंग टाकल्या. रेडिएटरही उघडून साफ केला. हे काम अजिबात टाळू नका, चोंदलेला रेडिएटर नवं इंजिनही तापवून मारतो.

आता धूर नाही, वरून ऑइल घालावं लागत नाही, अ‍ॅव्हरेज सुधारलं. मात्र इंजिनची ओढ वाढल्यावर जुनी क्लच प्लेट घसरायला लागली, तीही बदलली. गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरला रडतो, स्टिअरिंगला थोडा प्ले (ढिलेपणा) आहे.

नव्या गाडीच्या हप्त्याशी तुलना करताना नुसतं गॅरेजचं बिल धरू नका, गाडी उभी राहिल्यावर बुडणारं भाडंही धरा. हप्ता आधीच माहीत असतो, बिघाड सांगून येत नाही. वेळेवर माल पोचवण्याचा करार असेल आणि हाताशी दुसरी गाडी नसेल, तर मी नवीनच घ्या म्हणेन. माझ्याकडे दुसरी गाडी आहे, म्हणून हे परवडतं.

ग्रीसिंगच्या वेळी पाट्यांचे ब्रॅकेट मी दर वेळी पुसून बघतो. तिथे तडा दिसला की हा ट्रक विकणार, मग इंजिन कितीही चांगलं असो.