सिलिंडर, पाइपचा गॅस की इंडक्शन? पुरवठा अडेल त्या दिवसाचा हिशेब

सोसायटीत पाइपलाइन येते, सिलिंडरचा भाव पन्नास रुपयांनी वाढतो किंवा नव्या फ्लॅटचा ओटा करायचा असतो, तेव्हा हा प्रश्न घरात निघतो आणि बहुतेक वेळा महिन्याच्या खर्चावर सुटतो. खर्च पाहायलाच हवा. पण तिन्ही इंधनांचे भाव सरकारी निर्णयांवर वरखाली होत राहतात, आज स्वस्त असलेलं वर्षभरात महाग होतं. प्रत्येक इंधन कुठून निघतं आणि वाटेत कुठे अडू शकतं, हे मात्र इतक्या लवकर बदलत नाही. म्हणून निवड त्यावर करावी. पैशांचा हिशेब आधी उरकून घेऊ.

पैसे

तुलनेसाठी 14.2 किलोचा एक घरगुती सिलिंडर हे माप धरू. त्यात साधारण 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. शेगडीवर तिच्यातली 60 ते 65 टक्केच भांड्याला लागते, बाकीची ओटा आणि हवा तापवते. इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास लागते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला 125 ते 140 युनिट वीज लागेल आणि पाइपच्या गॅसचे सुमारे 18 घनमीटर लागतील.

एप्रिल 2025 च्या दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडर 852.50 रुपयांना आणि पाइपचा गॅस घनमीटरला 49 रुपयांना होता. 18 घनमीटरचे 882 रुपये होतात. दोन्ही जवळपास सारखेच. त्या भावाला इंडक्शन परवडायचं तर युनिट साडेसहा रुपयांच्या आत पडायला हवं.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. ते एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात. पण इंडक्शनची युनिटं पंखा, फ्रिज, टीव्ही यांच्या वर चढतात, म्हणजे ती तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये पडतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांना स्लॅब बदलतो. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्या घरात सगळा स्वयंपाक इंडक्शनवर गेला, तर जवळपास सगळी नवी युनिटं शंभराच्या पुढच्या दराने मोजली जातात. त्या स्लॅबचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर 16 टक्के वीज शुल्क एवढं मिळवून पाहा. महाराष्ट्रात शंभरावरच्या स्लॅबला साडेसहाच्या आत येणं अवघड आहे. गोव्यात घरगुती वीज बरीच स्वस्त असल्याने तिथे गणित उलटं पडू शकतं. छतावर सौर पॅनेल असतील तर ते वेगळंच असतं.

सिलिंडरचा भाव मात्र खरा भाव समजू नये. तेल कंपन्या तो बराच काळ खर्चापेक्षा कमी किमतीला विकत होत्या. त्या तोट्यापोटी ऑक्टोबर 2022 मध्ये 22,000 कोटी आणि ऑगस्ट 2025 मध्ये 30,000 कोटी रुपये केंद्र सरकारने मंजूर केले. तुम्ही भरत नाही तो भाग करातून जातो, आणि तो किती दिवस जाईल हे दिल्लीत ठरतं.

कुठून येतं, कुठे अडतं

सिलिंडरची साखळी सगळ्यात लांब आहे. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे 60 टक्के आयात होतो, आणि आजवर त्यातला बहुतेक सगळा कतार, अमिरात, कुवेत आणि सौदीकडून आला आहे. म्हणजे वाट होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, आखाताच्या चिंचोळ्या तोंडातून. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथे 53 लाख टनांचे राखीव साठे आहेत, पण ते तेलाचे आहेत. एलपीजीसाठी जमिनीखालच्या दोन मोठ्या गुहा आहेत: विशाखापट्टणमला 60,000 टन आणि मंगळूरला 80,000 टन. देशाचा रोजचा खप 80,000 टनांच्या वर आहे. दोन्ही गुहा काठोकाठ भरल्या तरी दोन दिवस निघत नाहीत. बंदरांवरच्या आणि बॉटलिंग प्लांटमधल्या टाक्या धरल्या तरी हा साठा महिन्यांचा होत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी कंपन्यांनी 2026 साठी अमेरिकेकडून 22 लाख टनांचा करार केला, तो याच अवलंबित्वातून. एकूण आयातीच्या तो दहाव्या हिश्शाच्या थोडा वर आहे.

देशातल्या देशातही वाट रस्त्याची आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर बंद पडला आणि कोल्हापूरला येणारे टँकर-ट्रक वाटेतच अडकले. होर्मुझची वाट चालू होती, तरी गाडी आली नाही.

तरीही सिलिंडरची एक बाजू दुसऱ्या कुणाकडे नाही: साठा तुमच्या घरात असतो. चौघांच्या घरात एक सिलिंडर साधारण दीड महिना जातो. दोन सिलिंडरचं कनेक्शन असेल आणि रिकामा झाल्या दिवशीच नंबर लावायची सवय असेल, तर कोणत्याही क्षणी किमान महिन्याचं इंधन ओट्याखाली असतं. दुसरा सिलिंडर संपत आल्यावर नंबर लावणाऱ्यांनी दोन सिलिंडर घेऊन काहीच साधलेलं नसतं.

पाइपच्या गॅसचं उलटं आहे. घरात साठा शून्य, पण मागची साखळी आखूड. देशाला लागणारा निम्माच नैसर्गिक वायू आयात होतो आणि घरगुती पाइपला देशी वायू आधी देण्याचं धोरण आहे. मुंबईकडे येणाऱ्या वायूचा मोठा भाग मुंबई हाय आणि वसईच्या समुद्रातल्या क्षेत्रांतून उरणला उतरतो. कतारचं जहाज आलं नाही तर आधी खतांचे कारखाने आणि उद्योग यांची कपात होते, सीएनजी आणि घरांची वेळ सगळ्यात शेवटी. देशी जुन्या क्षेत्रांतल्या या वायूची किंमत कच्च्या तेलाच्या 10 टक्के धरतात आणि तिला वरची मर्यादा आहे, त्यामुळे भावालाही थोडा लगाम असतो.

त्या दोघांतही घरं आधी, हे 16 नोव्हेंबर 2025 ला दिसलं. चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गेल या सरकारी वायू कंपनीची मुख्य वाहिनी तिसऱ्याच कुणाच्या हातून फुटली आणि वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनकडे (मुख्य वाहिनीतून शहराच्या जाळ्यात वायू शिरतो ती जागा) जाणारा वायू घटला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजी पंप बंद पडले, रिक्षांच्या रांगा लागल्या, पण महानगर गॅसने घरांचा पुरवठा आधी राखला. त्याच घटनेतून दुबळी जागाही कळते: लाखो घरं मोजक्याच गेट स्टेशनांवर टांगलेली आहेत आणि कुणाच्या तरी जेसीबीचा एक दात पुरतो.

विजेचा कोळसा मुख्यतः देशी असतो. महाराष्ट्रासाठी तो विदर्भातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या खाणींतून येतो. परकीय समुद्रमार्गाशी संबंध कमीत कमी, आणि पुरवठ्याच्या खात्रीच्या दृष्टीने इंडक्शनचा हाच सगळ्यात मोठा गुण. पण वीज साठत नाही, आणि तुटते तेव्हा एका क्षणात तुटते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक गेल्या आणि मुंबई अंधारली. शहराला अशा वेळी ग्रीडपासून (वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यापासून) वेगळं करून वाचवण्यासाठी 1981 पासून असलेली आयलँडिंग यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. किनारपट्टीवर वादळांची भर आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीतल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. फक्त इंडक्शनवर राहणाऱ्या घराला तिथे पुन्हा चूल मांडावी लागली असती.

सौर पॅनेल असले तरी

'छतावर तीन किलोवॅट आहेत, आम्हाला ग्रीडची फिकीर नाही' हा समज सर्रास आढळतो. पीएम सूर्यघर योजनेत (3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान) बसवली जाणारी बहुतेक संचं ग्रीडला जोडलेली असतात. ग्रीड गेलं की त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. भर दुपारी, टळटळीत उन्हात, वीज गेली की तुमचे पॅनेलही बंद. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तरच ते चालतील आणि खर्च बराच वाढतो. घरातला नेहमीचा 900 व्हीएचा इन्व्हर्टर 2,000 वॉटची शेगडी उचलूच शकत नाही, आणि 12 व्होल्ट, 150 एएचच्या बॅटरीत सगळी मिळून 1.8 युनिट वीज असते. तेवढ्यात एक वेळचा स्वयंपाकही धड होणार नाही.

ओट्यावर काय बिघडतं

सगळ्यात जास्त फसगत पाइप आणि सिलिंडर यांच्या अदलाबदलीत होते. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून वायू 30 मिलिबारला निघतो, पाइपचा 21 मिलिबारला येतो आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये उष्णताही कमी असते. म्हणून पाइपच्या शेगडीच्या जेटचं, म्हणजे बर्नरला वायू सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मोठं असतं. सिलिंडरची शेगडी जेट न बदलता पाइपला लावली तर ज्योत मिणमिणते. पाइपची शेगडी सिलिंडरला लावली तर ज्योत पिवळी होऊन उसळते, भांडी काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यामुळे 'पाइप बंद पडला तर जुना सिलिंडर जोडू' ही योजना त्याच शेगडीवर चालत नाही. दुसरी शेगडी हवी, किंवा जेट बदलणारा माणूस, जो त्या दिवशी सगळ्यांनाच हवा असतो.

गळतीचंही दोघांचं वागणं वेगळं. एलपीजी हवेपेक्षा जड, फरशीवर साचतो, म्हणून खाली वाट हवी. पाइपचा गॅस हलका, छताकडे जातो, म्हणून वरची झरोक्याची जाळी बंद करू नये. फर्निचर करताना सुतार ती हमखास झाकतात. सिलिंडर घेताना तिथल्या तिथे सील आणि वजन बघा: सिलिंडरवर कोरलेल्या रिकाम्या वजनात 14.2 मिळवायचे. वरच्या पट्टीवर चाचणीची तारीख असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, मग बी, सी, डी. 'बी-27' म्हणजे जून 2027 पर्यंत. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, ती दिसायला चांगली असली तरी. व्हॉल्व्हमधली रबरी रिंग तडकली असेल तर साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसतात. एलपीजी गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

इंडक्शनला 2,000 वॉटला जवळपास 9 अँपिअर लागतात. मिक्सरच्या 6 अँपिअर सॉकेटला ती लावली तर काही दिवस चालते आणि मग प्लग वितळू शकतो. 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि तिला स्वतंत्र एमसीबी, एवढं किमान हवं. दोन शेगड्या लावायच्या असतील तर आधी बिलावरचा मंजूर भार पाहा. भांड्यांच्या बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. जुने ॲल्युमिनियमचे कुकर आणि तांब्याच्या बुडाची बरीच पातेली बाद होतात. आतली कॉइल साधारण 18 ते 20 सेंटिमीटरची असते, त्यामुळे मोठ्या तव्यावर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. वांगं भाजणं, फुलका फुगवणं, पापड हे सोडूनच द्या. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की शेगडी एरर दाखवून थांबते, ती बिघडलेली नसते.

हवामानाच्या खात्यावर

एक सिलिंडर जाळला की 42 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढ्याच कामाला पाइपचा गॅस 35 किलो (वाटेत गळणारा मिथेन वेगळा). इंडक्शनची 130 युनिटं आजच्या ग्रीडवर, युनिटमागे 0.7 किलो धरून, 90 किलोच्या वर जातात. म्हणजे केवळ पर्यावरणासाठी आज गॅस सोडून ग्रीडच्या विजेवर जाण्यात अर्थ नाही. अर्थ येतो तो दुपारच्या सौर विजेवर, मग ती आपल्या छताची असो की दिवसा सवलत देणाऱ्या टीओडी मीटरवरची. डाळी शिजवणं, दूध तापवणं दुपारी उरकता येत असेल तर तेवढं तरी तिकडे न्यावं.

मग काय घ्यावं

पाइपचा गॅस उपलब्ध असेल तर मुख्य शेगडी त्याची, आणि जोडीला एक साधी इंडक्शन योग्य वायरिंगसह. या दोन साखळ्या एकाच दिवशी तुटण्याची शक्यता कमी. पाइपसोबत सिलिंडर राखून ठेवण्यात तितका फायदा नाही, कारण जेटची अडचण आहे आणि आखातातल्या संकटात दोघांवर एकदमच ताण येतो.

पाइप नसेल, खासकरून कोकणात किंवा पुराच्या पट्ट्यात, तर दोन सिलिंडर आणि इंडक्शन. दुसऱ्या सिलिंडरची अनामत 2022 पासून 2,200 रुपये आहे, तेवढ्यात महिन्याचा साठा मिळतो. महिन्याचा वापर 100 युनिटांच्या बराच खाली असेल तर चहा, दूध आणि कुकर इंडक्शनवर घ्या, स्लॅब ओलांडायच्या आत थांबा.

निव्वळ इंडक्शन फक्त बॅटरीसह सौर संच असलेल्या घराला किंवा स्वयंपाक थोडका असलेल्या एकट्या माणसाला सुचवता येईल. भाड्याने राहणाऱ्यांनी मात्र घरमालकाला आधी वायरिंग विचारावं. जुन्या इमारतींत ओट्यावरचा सॉकेट 16 अँपिअरचा दिसतो आणि भिंतीत मागे दिव्यांचीच बारीक वायर निघते. एमसीबीच्या पेटीत त्या सॉकेटचं वेगळं बटण नसेल तर इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत शेगडी लावू नये.