मीटरवर ९७, नळीत ८४ : ऑक्सिजन प्लांटचे झिओलाइट बदलताना झालेली फसवणूक

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात युटिलिटी प्लांट ऑपरेटर म्हणून काम करतो. बॉयलर, जनरेटर, पाण्याचा सॉफ्टनर आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा पीएसए प्लांट हे सारे एका शिफ्टला एकाच माणसाकडे असते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या सुमारास, २०२१ मध्ये, आपल्या भागातील अनेक रुग्णालयांत हे पीएसए प्लांट बसले. त्यांच्या टॉवरमधील, म्हणजे उभ्या टाक्यांमधील, झिओलाइट (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे) बदलण्याचे काम आता ठिकठिकाणी निघू लागले आहे आणि नेमक्या याच कामात आमच्या रुग्णालयाला फसवले गेले. ज्यांच्याकडे हे काम पुढे यायचे आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याहून किंचित कमी आरगॉन असतो. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा ड्रायरमधून कोरडी होऊन टॉवरमध्ये येते, तिथे झिओलाइटचे मोहरीएवढे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. आरगॉन मात्र या दाण्यांना अडवता येत नाही, तो ऑक्सिजनबरोबरच निघून येतो. त्यामुळे साध्या पीएसए प्लांटची शुद्धता ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. ९३ टक्के, त्यात तीन कमी किंवा तीन जास्त, हीच त्याची मर्यादा आहे. आमची फसवणूक पुढे उघडकीस आली ती याच एका गोष्टीमुळे.

उन्हाळ्यात शुद्धता ९० च्या खाली येऊ लागली, तेव्हा देखभालीचा करार असलेल्या फर्मने दोन्ही टॉवरमध्ये लिथियमयुक्त नवे झिओलाइट भरावे लागेल असे सांगून काही लाखांचे कोटेशन दिले. निदान चुकीचे नव्हते. जी लबाडी झाली ती कामात. रविवारी रात्री, रुग्णालयाचा पुरवठा सिलिंडरच्या मॅनिफोल्डवर (एकत्र जोडलेल्या ऑक्सिजन सिलिंडरवर) घेऊन, त्यांच्या माणसांनी काम उरकले. त्या रात्री माझी शिफ्ट नव्हती. सकाळी तंत्रज्ञाने ‘नवे दाणे भरले, शुद्धता ९७.२’ असा सर्व्हिस रिपोर्ट माझ्यापुढे सहीसाठी ठेवला. मी त्यावर ‘काम माझ्यासमोर झालेले नाही’ असे लिहून मगच सही केली. त्याने चिडून व्यवस्थापकांना फोन लावला आणि ऑपरेटर विनाकारण अडवणूक करतो अशी तक्रार केली. व्यवस्थापकांनी बिलाचा मोठा हिस्सा त्याच आठवड्यात चुकता केला.

९७.२ हा आकडा मला स्वस्थ बसू देईना. पुढे अतिदक्षता विभागातील सिस्टरांनी सांगितले, की व्हेंटिलेटर शंभरावर लावला तरी त्याचे स्वतःचे मीटर ८५ च्या आसपासच थांबते आणि सिलिंडरवर घेतला की लगेच वर चढते. मी डॉक्टरांना कळवून पुरवठा मॅनिफोल्डवर घेतला आणि प्लांटच्या ॲनालायझरची, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या मीटरची, सॅम्पल नळी काढून तो मोकळ्या हवेत ठेवला. मोकळ्या हवेत कोणत्याही ऑक्सिजन मीटरने २०.९ च्या जवळ आकडा दाखवला पाहिजे. आमच्या मीटरने ३४ दाखवला. मीटरची सेटिंग बदलून आकडा तेरा-चौदा टक्क्यांनी वर चढवून ठेवलेला होता. आजारी माणसाच्या श्वासाशी केलेला हा व्यवहार आहे, आणि त्याबद्दल मला आजही संताप येतो.

छत्रपती संभाजीनगरहून दुसरा तंत्रज्ञ बोलावून टॉवर उघडला. वरच्या बाजूला मोठी पोकळी होती, म्हणजे दाणे पुरेसे भरलेच नव्हते. टॉवर असा अर्धवट भरला की दाबाच्या प्रत्येक फेऱ्यात दाणे एकमेकांवर घासून त्यांचे पीठ होते, आणि टॉवरमधील हवा बाहेर सोडणाऱ्या सायलेन्सरच्या तोंडाशी ती पांढरी भुकटी साचलेलीही होती. त्याने मूठभर दाणे स्टीलच्या पेल्यात घेऊन पाणी ओतले. कोरडे, नवे झिओलाइट पाणी पडताच बुडबुडे सोडते आणि चटका बसेल इतके तापते, म्हणून ही परीक्षा कधीही तळहातावर करू नये. आमचा पेला जेमतेम कोमट झाला. आत भरलेले दाणे आधीच ओलावा प्यायलेले, बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी प्लांटमधून काढून चाळून आणलेले होते.

जाब विचारल्यावर फर्मने सारा दोष माझ्यावर ढकलला. ऑपरेटरने साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन व्हॉल्व्हकडे लक्ष दिले नाही, ओली हवा टॉवरमध्ये गेली आणि नवे दाणे खराब झाले, असे त्यांनी लेखी कळवले. सुदैवाने नोंदवहीत ड्रायरचा दवबिंदू दर तासाला लिहिलेला होता आणि तो सातत्याने ३ ते ५ अंशांवर होता, म्हणजे ड्रायर हवा नीट कोरडी करत होता. ती पाने आणि सर्व्हिस रिपोर्टवरील माझे ते एक वाक्य नसते, तर माझी नोकरी गेली असती. ऑपरेटर बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा माणूस असतो आणि दोष लादायला तोच सर्वांत सोपा असतो, हे मी इतर रुग्णालयांतील सोबत्यांच्या बाबतीतही पाहिले आहे.

रुग्णालयाने उरलेले बिल रोखून पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. दिलेले पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

आपल्याकडे हे काम निघाले, तर दाणे सीलबंद ड्रममध्येच घ्यावेत, ड्रम दिवसा आणि ऑपरेटरसमोर फोडावेत, प्रत्येकावरील वजन आणि बॅच क्रमांक लिहून ठेवावा आणि सुट्या पोत्यांतील माल दारातूनच परत पाठवावा. शुद्धतेची चाचणी आउटलेट व्हॉल्व्ह अर्धवट मिटून घेऊ देऊ नये, कारण प्रवाह कमी असला की खराब दाणेही चांगला आकडा देतात. पूर्ण भारावर काही तास चालवून, मोकळ्या हवेत तपासलेल्या स्वतःच्या मीटरनेच ती घ्यावी. पैशाचा मोठा हिस्सा त्यानंतरच द्यावा. आणि टॉवरमधून निघालेले जुने दाणे ‘विल्हेवाट आम्ही लावतो’ म्हणून त्यांना पोत्यांत भरून नेऊ देऊ नये. ते पाण्यात भिजवून आपल्याच ताब्यात ठेवावेत, कारण आमच्या टॉवरमधून निघालेली पोती त्या रात्री त्यांच्याच गाडीतून गेली आणि ती पुढे कोणत्या रुग्णालयात उतरली हे आम्हाला कोणीही सांगितलेले नाही.