टेलिफोन छाप सत इसबगोल : कोलेस्टेरॉलसाठी घेणार असाल तर आधी हे वाचा

कोलेस्टेरॉल उतरवणारे म्हणून जे डबे आणि बाटल्या मिळतात, त्यांतले बरेच आमच्या घरी येऊन गेले. टिकलं ते एकच, सिद्धपूरचं टेलिफोन छाप सत इसबगोल. ते काम करतं म्हणून टिकलं. पण आपण बडोदेकर ते वर्षानुवर्षं जसं घेतो, म्हणजे रात्री झोपताना कोमट दुधात चमचाभर, तसं घेऊन पोट साफ होईल, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जवळजवळ जागचं हलणार नाही. हे नीट कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. एटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी चालू आहे, आणि ती चालूच राहणार. नंतर माझी तपासणी केली तर एलडीएल 148. साखर नाही, बीपी नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, तीन महिने खाणं सांभाळा, मग गोळीचं बघू." आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : इसबगोल, दिवसाला 10 ग्रॅम, दोन वेळा, जेवणाआधी.

10 ग्रॅम म्हणजे किती, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून मोजलं. भुसी इतकी हलकी की पंखा चालू असला तर चमच्यातून ओट्यावर उडते. चहाचा सपाट चमचा भरला तर जेमतेम दोन ग्रॅम. म्हणजे दिवसाला पाच चमचे! 100 ग्रॅमचा डबा दहा दिवसांत संपतो. शेजारच्या काकूंचा तेवढाच डबा दीड-दोन महिने पुरतो आणि "मी पण इसबगोल घेते, माझं काही उतरलं नाही" अशी त्यांची तक्रार असते. उतरणार कसं?

हे काम कसं करतं ते कळलं की प्रमाणाचं महत्त्वही पटतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. पचनाचं काम झालं की ती बहुतेक आतड्यातून परत शोषली जातात आणि पुन्हा वापरली जातात. इसबगोलाचा चिकट जेल त्यांतली काही धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. जेल थोडा असेल तर तो धरणारही थोडंच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, 1998 मध्ये इसबगोलाच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, तीसुद्धा दिवसाला 7 ग्रॅम विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू पोटात जात असतील तर, आणि आहारात संपृक्त चरबी कमी असेल तर. 7 ग्रॅम तंतूंसाठी भुसी साधारण 10 ग्रॅम लागते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. एवढं नेमाने घेऊन एलडीएल साधारण पाच ते दहा टक्के उतरतं. यांची गोळी साध्या डोसमध्येही पस्तीस-चाळीस टक्के उतरवते. ज्यांना गोळी लिहून दिली आहे त्यांनी "नैसर्गिक आहे" म्हणून गोळी सोडून हे धरू नये. हात जोडून सांगते. यांच्या मित्रमंडळींत, कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत, असा सल्ला देणारे फार आहेत.

आता माल. डबा फोडल्यावर भुसी पांढुरकी, किंचित गुलाबी झाक असलेली, काडीकचरा नाही, दाताखाली खर लागत नाही. मांडवीला काष्ठौषधीवाल्याकडे सुटी भुसी स्वस्त मिळते, तीही आणून पाहिली. तिच्यात बियांचे काळपट तुकडे आणि धूळ होती, चाळून घ्यावी लागली. बियांच्या वजनातली चौथाईच भुसी निघते, त्यामुळे चोख मालाला भाव पडतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक तयार असताना उत्तर गुजरातेत अवकाळी पाऊस झाला तर बी शेतातच फुगून वाया जातं, आणि उंझ्याच्या बाजारात भाव चढतो. तरीही ओमेगा-3 कॅप्सूलच्या बाटलीपुढे हे स्वस्तच.

संत्र्याच्या चवीच्या पुड्या मी घेणार नाही. मागची बारीक अक्षरं वाचा, काहींमध्ये भुसीपेक्षा साखर जास्त असते.

घ्यायची रीत : पेल्यात पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, अडीच चमचे भुसी. ढवळलं की लगेच प्यायचं. बोलत बसलात तर दोन मिनिटांत खळ होते आणि मग ती घशाखाली उतरत नाही. वर पेलाभर पाणी हवंच. कोरडी भुसी तोंडात टाकायची नाही, ती घशातच फुगते. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. पहिल्याच दिवशी पाच चमच्यांवर जाऊ नका, गॅसने हैराण व्हाल. एका चमच्याने सुरुवात करून हळूहळू वाढवा. आणि कुठल्याही गोळीच्या आगेमागे दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर जेल गोळीचं शोषण कमी करतो. यांची गोळी रात्री झोपताना असते, म्हणून आमचं इसबगोल नाश्त्याआधी आणि दुपारच्या जेवणाआधी.

थालीपिठाच्या भाजणीत चमचाभर घातलं तर पीठ छान धरतं, थापताना कडा फुटत नाहीत. पण तेवढ्यावर दिवसाचा हिशेब भागत नाही.

कॅप्सूलचं थोडक्यात. न्यू जर्सीहून येताना वन्सं प्रेमाने दोन बाटल्या घेऊन आल्या. एक माशाच्या तेलाची, म्हणजे ओमेगा-3ची. ते ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीवर, चालतं, तेही मोठ्या डोसमध्ये, एलडीएल त्याने उतरत नाही. दुसरी रेड यीस्ट राइसची. तिच्यातलं मोनाकोलिन के म्हणजे रसायन म्हणून लोव्हास्टॅटिनच, तेही एक स्टॅटिन औषधच, फक्त कॅप्सूलमध्ये किती आहे याचा भरवसा नाही. यांच्या गोळीबरोबर घेतली असती तर दोन स्टॅटिन एकदम पोटात गेले असते, स्नायूंना आणि यकृताला धोका. वन्संना मी समजावून सांगितलं, त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. तुमच्याकडे अशी बाटली आली असेल तर उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

तीन महिन्यांनी माझं एलडीएल 131 आलं. सगळं श्रेय इसबगोलाला नाही. पोळीवरचं तूप बंद केलं, फरसाणाचा डबा टेबलावरून फडताळात गेला, आणि रविवारची सेव-उसळ महिन्यातून एकदाच होते, तरीशिवाय. डॉक्टरांनी गोळी पुढच्या तपासणीपर्यंत लांबवली आहे. इसबगोल चालू ठेवायला सांगितलं आहे, कारण थांबवलं की आकडा परत चढतो. आता मी मोठा डबाच आणते, आणि झाकण घट्ट लावून ठेवते, पावसाळ्यात हवा लागली की भुसीच्या गुठळ्या होतात.