ल्युटीन-बिलबेरीच्या कॅप्सूल: मे ते दिवाळी, जळगावच्या हवेत

घटकांची यादी सगळ्यांनी डब्यावर वाचलेलीच असते. आधी बाटलीबद्दल बोलतो, कारण पैसे तिथेच बुडतात.

डोळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जेलॅटिनच्या मऊ कॅप्सूल, साठ एका बाटलीत. लेबल सांगतं, 30 अंशांखाली ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 ला टेकतो आणि कुरिअरची गाडी दुपारभर उन्हात उभी. बाटली उघडली तर आत एकच गोळा. चमच्याने सुट्या करायला जावं तर एखादी फुटते, तिचं नारिंगी तेल बाकीच्यांना लागतं. ल्युटीनला, म्हणजे पालेभाज्यांतल्या पिवळ्या रंगद्रव्याला, उष्णता, उजेड, हवा काहीच सोसत नाही, म्हणून फुटलेली ‘तेल तर तेच’ म्हणत गिळण्यात अर्थ नाही. कंपनीचं उत्तर आलं: सील शाबूत होतं, बदलून मिळणार नाही. शाबूतच असणार, ऊन काय झाकण उघडून आत शिरतं?

फ्रीजचा सल्ला सगळे देतात, पण अर्धाच. गार बाटली लगेच उघडली की कॅप्सूलवर पाणी धरतं आणि पुन्हा लगदा. बाटली बाहेर काढून तासभर तशीच बंद ठेवायची, आठवड्यापुरत्या कॅप्सूल कोरड्या डबीत काढायच्या आणि बाटली परत फ्रीजमध्ये टाकायची. आतली सिलिकाची पुडी फेकायची नाही.

इथवर दोनच तारे होते. पावसाळ्यात त्याच कंपनीची स्ट्रिप मेडिकलवर मिळाली आणि एक तारा वाढवावा लागला. प्रत्येक कॅप्सूल वेगळी, एकही चिकटलेली नाही. माल बरा आहे, बाटली भिकार आहे.

आता फायदा. ज्या चाचण्यांच्या जोरावर हे सगळे डबे विकले जातात त्या अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या. 2001 मध्ये पहिली आली, 2013 मध्ये दुसरी, एरेड्स-2. तिचं सूत्र: ल्युटीन 10 मिग्रॅ, त्याच जातीचं झियाझँथिन 2 मिग्रॅ, व्हिटॅमिन सी 500 मिग्रॅ, ई 400 युनिट, झिंक 80, तांबं 2 मिग्रॅ. मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मधल्या भागाची) झीज मध्यम टप्प्यात असेल किंवा एका डोळ्यात पुढे गेली असेल, तर ती आणखी बळावण्याचा धोका पहिल्या चाचणीत पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूवर उपयोग नाही, आणि निरोगी डोळ्यांनी झीज सुरूच होऊ नये म्हणून या गोळ्या घेण्याला आधार नाही. म्हणजे बुबुळ मोठं करून पडदा तपासल्याशिवाय हा खर्च करू नका.

या बाटलीत झिंक सूत्राच्या बरंच खाली आहे, तरी उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. जेवणानंतरच घ्यावी, तेही तेल-तुपाच्या जेवणानंतर, कारण ल्युटीन चरबीतच विरघळतं. लेबलवर ‘झेंडूचा अर्क 50 मिग्रॅ’ दिसलं की टक्केवारी बघायची. 20 टक्के असेल तर ल्युटीन 10 मिग्रॅच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, सोडली असली तरी, बीटा-कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी द्रव्य, पहिल्या चाचणीच्या सूत्रातलं) असलेला डबा उचलू नये. त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणूनच दुसऱ्या चाचणीनंतर ते सूत्रातून गेलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर.

बिलबेरी, म्हणजे युरोपातलं निळं-काळं बोराएवढं फळ, इथे नुसतं डब्यावरचं निळं चित्र. रात्रीची नजर वाढते हा दावा नीट घेतलेल्या चाचण्यांत टिकला नाही. आपली जांभळं आणि सातपुड्याची करवंदं त्याच रंगाची आहेत, ती चवीसाठी खा. त्यांत ल्युटीन नावापुरतंच.

ल्युटीन पाल्यात आहे. 100 ग्रॅम शिजवलेल्या पालकात झियाझँथिन धरून सुमारे 11 मिग्रॅ, म्हणजे तुरीच्या डाळीत घोटलेली, वर तेलाची फोडणी दिलेली एक वाटी भाजी कॅप्सूलच्या तोडीची. मुतखड्याचा त्रास असेल तर पालकाचा आग्रह नको, मेथी करा. अंड्याच्या पिवळ्या बलकातलं ल्युटीन कमी, पण अंगी चांगलं लागतं.

झीज असेल तर भिंतीवर चौकटींचा अॅम्सलर तक्ता लावा. वाचायचा चष्मा घालून, 30 सेंमीवरून, एकेक डोळा झाकून बघायचा. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला तर चालू स्ट्रिप संपायची वाट न बघता त्याच आठवड्यात रेटिनाचा डॉक्टर गाठा. तिथे इंजेक्शन लागतं, गोळी नाही.

बाटली ऑनलाइन मागवायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.